डोळा बरा होईपर्यंत

भुऱ्याच्या पाठीत अंकुडा बसला, तो आवाज वहिनीला वर दगड फोडायच्या ओट्यावर ऐकू आला. लोखंड मांसावर बसलं की खणखणत नाही, नुसतं थप्प होतं. तिने हातातला हातोडा खाली ठेवला नाही. ठेवून करणार काय? खाली जाऊन मध्ये पडावं, तर दुसरा फटका आपल्याच बरगडीत, हे तिला पुरतं पाठ झालेलं होतं.

"कच्ची ओढलीस, हरामखोरा!" खालून दादा ओरडत होता. "आतून दगड तसाच आहे की रे! डोळे फुटले का तुझे? माझा एक फोडलास, आता तुझेही गेले काय?"

 भुऱ्या उलट कधीच बोलायचा नाही. कण्हत वाकला, पडलेला अंकुडा उचलला आणि पुन्हा चुनाभट्टीच्या तोंडात घालून भाजलेली चुन्याची कळी ओढायला लागला.

दोघे सख्खे भाऊ. थोरल्याला सगळी भट्टी दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी, मग म्हणणारा वयाने बापासारखा का असेना. धाकट्याच्या भुवया-पापण्या चुन्याने जन्माच्या पांढऱ्या झालेल्या, म्हणून तो भुऱ्या. बाप गेला तेव्हा भट्टी दोघांच्या नावावर ठेवून गेला. वरून दगड आणि कोळसा थराथराने भरायचा, खालच्या तोंडातून पांढरी कळी ओढायची. आग वर्षानुवर्षं विझू द्यायची नाही. वरचं काम उन्हाचं, खालचं आगीचं. तोंडावर जो उभा राहतो त्याची छाती वर्षभरात भाजून काळी पडते, म्हणून भाऊ पाळीपाळीने उभे राहायचे. पाळीवरूनच भांडण पेटलं. भुऱ्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तो म्हणाला, अर्धी भट्टी वेगळी करून दे. दादा म्हणाला, भट्टी काय चादर आहे, मधून फाडायला? शब्दाने शब्द वाढला, आईबहीण निघाली, आणि भुऱ्याने हातातलं फावडं तसंच चुन्यासकट दादाच्या तोंडावर भिरकावलं.

तो दिवस वहिनी जन्मात विसरणार नव्हती. दादा जमिनीवर लोळत होता, डोळे उघडेनात. भट्टीवर चुना डोळ्यात गेला तर पाणी लावायचं नाही, पाण्याने तो आतच शिजतो, असं सगळे मानतात. म्हणून कोरड्या फडक्याने टिपायचं आणि वर तेल ओतायचं. डावा डोळा चुन्याने गच्च भरलेला होता. उजव्यावर नुसती धूळ उडाली होती. गंमत बघा, दादाचं डोकं मांडीवर धरून त्या डाव्या डोळ्यात तेल कोणी ओतलं असेल? भुऱ्याने. रडत रडत, "दादा, उघड रे, दादा, उघड," म्हणत.

महिनाभर डावा डोळा मिटलेला राहिला, मग उघडला. पापणीचे केस जळाले होते ते पुन्हा आले. दिसायलाही लागलं. तोवर भुऱ्याने भट्टीच्या रिवाजाप्रमाणे दादाची पाळी केली. रिवाज जुना होता. भट्टीवर ज्याने दुसऱ्याला जायबंदी केलं, त्याने त्याच्या जागी तोंडावर उभं राहायचं, फुकट. म्हाताऱ्या मुकादमाने सगळ्यांसमोर विचारायचं, "कधीपर्यंत?" आणि जखमी माणसाने सांगायचं, पाय बरा होईपर्यंत, नाहीतर बोट बरं होईपर्यंत. हाड जुळलं की माणूस सुटायचा. भुऱ्याही सुटला. वाटणीच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.

आणि नेमका तेव्हा दादाचा उजवा डोळा लाल व्हायला लागला.

आधी खाज, मग चिकटा, मग पापणीची कड जाड. सगळी भट्टी एका तोंडाने म्हणाली, चुना आत बसला, आता डोकं वर काढतोय. भट्टीवर माणसाला सर्दी झाली तरी चुनाच आणि केस गळले तरी चुनाच, तिथे डोळ्याला दुसरं काय होणार? डावा की उजवा, हे कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. डोळ्यात चुना गेला होता, डोळा आला, संपलं. दादा मुकादमाकडे गेला. सगळे जमले. मुकादमाने विचारलं, "कधीपर्यंत?"

दादा म्हणाला, "डोळा बरा होईपर्यंत."

भुऱ्या मान खाली घालून तोंडावर जाऊन उभा राहिला. त्याला आता दुसरा पावसाळा उलटून गेला होता. वाटणीचं नाव कोणी काढत नव्हतं.

रोज सकाळी वहिनी कोमट पाण्यात फडकं बुडवून दादाचा डोळा धुवायची. रात्रभरात पापण्या चिकटून बसायच्या. तो दात आवळून बसायचा आणि दुखलं की हाताला येईल ते हाणायचा. एकदा तांब्या हाणला, तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. फडक्यावर पिवळा चिकटा यायचा आणि त्यात केस. पापणीचे. हल्ली वरच्या पापणीला एकही केस राहिला नव्हता, कड नुसती गुळगुळीत, जाड आणि लालभडक. वहिनीच्या मनात यायचं, डाव्याचे जळाले ते तर महिन्यात परत आले होते. ह्याचे का येत नाहीत? पण ती बोलायची नाही. नवऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे जळत्या तोंडात हात घालणं.

बाजारगावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती त्याला किती वेळा घेऊन गेली याला गणती नाही. पहिल्याच खेपेला डॉक्टरने विचारलं होतं, "कामधंदा काय?"

"चुनाभट्टी."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला आणि थेंब लिहून दिले. थेंबांनी लाली उतरायची. दादा खूश व्हायचा. थेंब संपले की पुन्हा तेच. मग पापणीत गाठ आली. "रांजणवाडी," डॉक्टर म्हणाला, कापली, बादलीत टाकली. गाठ तिथेच परत आली. पुन्हा कापली, पुन्हा बादलीत टाकली. दोन्ही वेळेला दादाने घरी येऊन भुऱ्याला मारलं. कापण्याचा हिशेब तो असा चुकता करायचा.

भुऱ्याची बायको एक दिवस मुलीला काखेत मारून निघाली. जाताना वहिनीच्या दारात थांबली.

"वहिनी, ह्यांना सांगून थकले मी. म्हणते, चला, कुठेही दगड फोडू. तर म्हणतात, दादाचा डोळा माझ्या हातून गेलाय, तो बरा झाल्याशिवाय मी हलणार नाही. मग मी काय डोळ्याशी संसार करू?"

 वहिनीने मुलीच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि दार लोटून घेतलं. आत येऊन मात्र ढसाढसा रडली. चीड आली तिला, सगळ्यांची. नवऱ्याची, दिराची, गाठी बादलीत टाकणाऱ्या त्या डॉक्टरची आणि सगळ्यांत जास्त स्वतःची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हाताचं झालं.

सकाळपासून दादाचा डोळा ठणकत होता. पापणीची गाठ फुटून रक्त येत होतं, गालावर सुकत होतं. त्या डोळ्याने त्याला जेमतेम अंधूक दिसायचं, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकायचा. तो खाली उतरायला गेला आणि पायरी चुकून तोंडघशी पडला. चार माणसं बघत होती. त्यातला एक फिसकन हसला.

बस. दादा उठला तो सरळ भट्टीच्या तोंडाकडे गेला. भुऱ्या वाकून कळी ओढत होता. दादाने मागून त्याच्या मानेला धरलं.

"कोण हसला? तू हसलास?"

"नाही दादा. मी बघितलंसुद्धा नाही."

"बघायला तुला डोळे आहेत ना? दोन आहेत! माझा दिवसरात्र जळतो, तुला कळतं का जळणं म्हणजे काय? दाखवू?"

भट्टीच्या तोंडाला लोखंडी झडप होती, आगीने करडी पडलेली. दादाने भुऱ्याचा उजवा हात मनगटात पकडला आणि तळवा त्या झडपेवर दाबला. नुसता दाबला नाही, वर आपलं सगळं अंग टाकलं. चर्र झालं. आता मात्र भुऱ्या ओरडला. असा ओरडला की वरच्या ओट्यावरच्या बायकांनी हातोडे टाकले. वहिनी धावत खाली आली, नवऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली, त्याच्या कानाला चावली. तेव्हा कुठे तो सुटला. झडपेवर कातडं चिकटून राहिलं होतं. त्याचा वास पुढे कितीतरी दिवस वहिनीच्या नाकातून जाईना.

मुकादम आला, बघून गेला. जुना माणूस, खोकत म्हणाला, "भुऱ्या, तक्रार आहे का तुझी?"

भुऱ्याने जळालेला हात पोटाशी धरला होता. म्हणाला, "त्याचा डोळा मी घेतलाय, काका. हाताचं काय घेऊन बसलात?"

हात कसाबसा भरला, पण बोटं तळव्याकडे वळली आणि तिथेच चिकटली. मूठ मिटली ती मिटली. भुऱ्या डाव्या हाताने अंकुडा चालवायला शिकला.

दादाच्या कानासमोर गाठ आली तेव्हा वहिनीने पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकलं नाही. बाजारातल्या डॉक्टरचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणाली, आणि त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. त्याने वाटेत दोनदा शिव्या घातल्या, एकदा हात उगारला. पण त्याच्यात आता पहिलं बळ राहिलं नव्हतं.

तिथली डॉक्टरीण मुलीच्या वयाची होती. चष्मा नाकावर घसरलेला, आवाज मात्र खणखणीत. तिने दादाची पापणी काडीवर उलटवली. मग कानापुढची गाठ चाचपली. मग पुन्हा पापणी.

"केस कधी गेले?"

"वर्ष होऊन गेलं," वहिनी म्हणाली.

"गाठ कापली होती का?"

"दोनदा. तिथेच परत आली."

"कापलेली गाठ तपासायला पाठवली होती?"

"बादलीत टाकली."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "हे सुरू कशाने झालं, असं वाटतं तुम्हाला?"

दादाने तोंड उघडलं. ही गोष्ट तो इतक्यांदा बोलला होता की ती त्याच्या जिभेवरच असायची. "माझ्या सख्ख्या भावाने डोळ्यात चुना फेकला. चुनाभट्टी आहे आमची."

"कुठल्या डोळ्यात?"

"ह्याच की!"

वहिनीच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. मांडीवरचं डोकं, तेलाची वाटी, भुऱ्याची तेलकट बोटं. तिच्या तोंडून निघून गेलं, "डाव्यात."

दादाने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"डावा भरला होता चुन्याने," ती म्हणाली. "उजव्यावर नुसतं उडालं होतं. डावा महिनाभर मिटला होता तुमचा. आठवा ना."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे ज्यात चुना भरला तो बरा झाला, आणि ज्यात उडाला तो असा झाला?" त्यांनी पापणीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत नवराबायको दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली मुक्कामाला राहिले.  दादा त्या दिवसांत डावा डोळा हाताने झाकायचा, उघडायचा, पुन्हा झाकायचा.

उत्तर आलं ते कॅन्सरचं.

"पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात," डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. "त्यातल्या एकीत हा सुरू झाला. वरून दिसतो अगदी डोळा आल्यासारखा, नाहीतर रांजणवाडीसारखा. थेंबांनी थोडा दबतो, माणूस फसतो. डॉक्टरही फसतात. पण एकाच डोळ्याला इतके महिने सूज, पापणीचे केस झडलेले, गाठ कापली तर तिथेच परत, एवढं दिसल्यावर तुकडा तपासायलाच हवा होता. तेव्हा आला असता तर पापणीचा थोडा भाग काढून भागलं असतं. आता डोळा काढावा लागेल, पापण्यांसकट. गळ्यातल्या गाठीही काढायच्या. नंतर किरणांचा शेक."

दादाने एवढंच विचारलं, "चुन्याने झालं ना?"

"नाही."

"आत राहिलेल्या चुन्याने?"

"चुन्याचा काही संबंध नाही. तुमच्या भावाने काही केलेलं नाही. कोणीच केलेलं नाही हे. असं होतं कधीकधी."

"कोणीच नाही म्हणजे?" दादा उठून उभा राहिला. "डोळा जातोय माझा आणि कोणीच केलं नाही? असं कसं? कोणीतरी केलंय!" त्याने टेबलावरचा ट्रे उचलून भिंतीवर फेकला. चिमटे, बाटल्या, काचा सगळीकडे उडाल्या. दोन वॉर्डबॉय धावत आले, त्यांनी त्याचे हात मागे पिरगाळून त्याला भिंतीला दाबून धरलं. तो भिंतीवर कपाळ आपटत होता आणि तेच तेच म्हणत होता, "कोणीतरी केलंय. कोणीतरी केलंय."

वहिनी खाली बसून काचा गोळा करायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या मावशी, हात कापेल." तिने ऐकलं नाही. तिला त्या वेळी झडपेवरचं कातडं दिसत होतं.

डोळा काढला. पापण्या, डोळा, आजूबाजूचं मांस, सगळं खरवडून काढलं आणि तिथे एक खळगा राहिला. टाके निघाले, पट्टी बांधली. जखम जरा वाळली की शेकासाठी यायचं, रोज सकाळी, कितीतरी दिवस. तसं बजावून त्यांना घरी सोडलं.

परतीच्या एसटीत मागच्या बाकावर दोघंच होती. वळण आल्यावर दादाने तिचं मनगट धरलं. डोळा गेला तरी पंजा लोहाराच्या सांडशीसारखाच होता.

"चुन्याने गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "काय?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"काय म्हणालो मी?" त्याने मनगट पिरगाळलं. आत काहीतरी कट्कन वाजलं.

"चुन्याने," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं.

"दुसरं काही भट्टीवर कळलं, तर त्या हाताचं विचारतील मला. समजतंय ना? त्याच्या हाताचं विचारतील. ती बायको गेली, त्याचंही विचारतील. दोन वर्षं फुकट राबवला म्हणतील." मग त्याचा आवाज फुटला. "मी कुठून भरून देणार गं ते?"

वहिनीला त्या क्षणी त्याची दयासुद्धा आली, खोटं कशाला बोला. लग्न झाल्यापासून त्याने तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. पण मनगट सुजून वर आलं होतं, आणि त्या ठणक्यातून तिला कळलं की हा माणूस अजून सोडायला तयार नाही.

ते भट्टीवर पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बातमी आधीच येऊन पोहोचली होती, दादाचा डोळा गेला. सगळे काम टाकून भट्टीच्या तोंडापुढच्या मोकळ्या जागेत जमले होते. दादाच्या अर्ध्या तोंडावर पांढरी पट्टी होती. बायकांनी पदर तोंडाला लावले. मुकादम काठीवर हात ठेवून दगडावर बसला होता.

भुऱ्या गर्दीतून पुढे आला. त्याच्या डाव्या हातात कळीचा ताजा खडा होता, मुठीएवढा. मिटलेल्या उजव्या हाताच्या कोपरात पाण्याची कळशी अडकवलेली. तो दादासमोर गुडघ्यांवर बसला. खडा जमिनीवर ठेवला, कळशी त्याच्या शेजारी ठेवली.

"दादा, मी म्हणालो होतो, बरा होईपर्यंत उभा राहीन," तो म्हणाला. "आता तो कशाला बरा होतोय? मी जन्मभर उभा राहिलो तरी फिटत नाही. माझा घे आणि मला मोकळं कर. माझ्याने आता होत नाही."

आणि वर तोंड करून, उजवा डोळा बोटांनी ताणून तो तसाच बसून राहिला.

कोणी हललं नाही. मुकादम "अरे, अरे" म्हणाला, पण उठला नाही. डोळ्याला डोळा असा काही रिवाज नव्हता, पण नाही म्हणायलाही कोणी पुढे येईना. सगळ्यांना वाटत होतं, दादा आता लाथ मारून खडा उडवेल आणि भावाला उचलून घेईल. वहिनीलाही तसंच वाटलं. देवाशपथ वाटलं.

दादा वाकला. त्याने खडा उचलला. कळशीत बुडवला. खडा फसफसायला लागला, वाफ निघाली, पांढरे शिंतोडे दादाच्या मनगटावर उडाले तरी त्याने तो सोडला नाही. त्याचा एकुलता डोळा भुऱ्यावर होता आणि त्या डोळ्यात पाणी होतं. दुसऱ्या हाताने त्याने भुऱ्याचे केस धरले.

"चुना नव्हता!" वहिनी ओरडली.

दादा गर्रकन वळला आणि त्याने तिला खड्यासकट तोंडात मारली. ती मागच्या मागे कोसळली. ओठ फाटला, गाल पेटला, फुटलेल्या खड्याचे तुकडे अंगावर फसफसत राहिले. ती हातांनी ते झटकत राहिली आणि पडल्या पडल्या पुन्हा म्हणाली, "चुना नव्हता भुऱ्या! रोग होता. पापणीत आपला आपण झालेला. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं, भावाने काही केलेलं नाही. ह्यांना ठाऊक आहे!"

"काय बोलताय वहिनी?" भुऱ्याने डोळ्यावरचा हात काढला.

"तेल कुठल्या डोळ्यात ओतलंस तू? आठव! मांडीवर डोकं घेऊन तूच ओतलंस ना?"

भुऱ्या आठवत राहिला. सगळ्यांना दिसत होतं, तो आठवतोय. त्याचा डावा हात हवेत वर आला, वाटी धरल्यासारखा, आणि हळूहळू एका बाजूला गेला.

"डाव्यात," तो म्हणाला. मग दादाकडे बघितलं. "दादा, डाव्यात होता. डावा तर चांगला आहे तुझा."

दादाचा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला.

"तुला दवाखान्यात सांगितलं होतं? आत्ता, खडा उचलताना, तुला ठाऊक होतं?"

दादाने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण मान अशी घातली जशी गेली दोन वर्षं भुऱ्या घालत होता.

भुऱ्याने आपला उजवा हात समोर धरला. बोटं तळव्यात रुतलेली, कातडी चमकणारी, अंगठा वाकडा. जणू तो आजच पहिल्यांदा बघत होता. "मग हे कशाचं?" तो म्हणाला. कोणाला विचारलं कोण जाणे.

मग तो उठला. झडपेला टेकून ठेवलेला अंकुडा त्याने डाव्या हातात घेतला. उजवा जळाल्यापासून डाव्यानेच चालवत होता, हात चांगला तयार झाला होता. पहिला फटका दादाच्या गुडघ्यावर बसला. हाड वाजलं. दादा खाली बसला. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर, अगदी त्याच जागी जिथे त्याने स्वतः इतके फटके खाल्ले होते. दादाने हात वर केले नाहीत. पट्टीवर लाल डाग फुटला आणि पसरायला लागला. भुऱ्याच्या तोंडून शब्द येत नव्हते, नुसता घशातून घर्र घर्र आवाज येत होता. त्याने अंकुडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायला बघितला, पण उजव्या हाताने पकडता येईना, तो घसरला.

सगळे वहिनीकडे बघत होते. ती म्हणाली असती, भाऊजी, पुरे, तर तो थांबला असता. ती जमिनीवर बसली होती, गालावर फोड येत होते, आणि तिने तोंड उघडलं नाही.

शेवटी भुऱ्या आपणच थांबला. धापा टाकत दादाच्या डोक्याकडे बघत राहिला.

"मारून टाकलं तर सुटशील तू," तो म्हणाला. अंकुडा त्याने दादाच्या पुढ्यात टाकला. "मुकादमकाका, तक्रार आहे माझी. आज आहे."

म्हातारा काठीवर जोर देऊन उठला.  सगळं आयुष्य त्याने हा प्रश्न विचारला होता, पण आज शब्द बाहेर यायला वेळ लागला.

"कधीपर्यंत?"

भुऱ्याने ती मिटलेली मूठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हात बरा होईपर्यंत."

जखम वाळली तशी शेकाची वेळ आली. त्या दिवशी उजाडल्यावर वहिनी भट्टीवर गेली. दादा तोंडावर उभा होता. एका गुडघ्याने लंगडत, डोक्याला फडकं गुंडाळून कळी ओढत होता. अंतराचा अंदाज येत नसल्यामुळे अंकुडा दोनदा झडपेवर आपटायचा, तेव्हा कुठे आत जायचा. भुऱ्या समोरच्या दगडावर बसला होता. हात मांडीवर ठेवलेला. तो शिव्या देत नव्हता, मारतही नव्हता, नुसता बघत होता.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गालावरची कातडी अजून गुलाबी होती.

"भाऊजी, आजपासून ह्यांना शेकाला न्यायचं आहे. नाही नेलं तर रोग वर चढेल."

 दादा हात थांबवून उभा होता, पण वळला नाही. पाठीवरून घाम वाहत होता.

"ह्याचा रोग कोणी केलेला नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना?" भुऱ्याने विचारलं.

"हो. कोणीच नाही, म्हणाल्या."

"माझा कोणी केला ते मला ठाऊक आहे." त्याने मूठ दुसऱ्या हाताने झाकली. "घेऊन जा. बरा करून आणा. चांगला ठणठणीत करा त्याला." मग उठून त्याने डाव्या हाताने दादाच्या हातातला अंकुडा काढून घेतला आणि झडपेकडे वळला. "तोवर मी आग सांभाळतो. पण संध्याकाळी इथेच आणून उभा करा."

वहिनीने नवऱ्याचा हात धरला आणि ती दोघं एसटीच्या रस्त्याला लागली. मागून अंकुड्याचा आवाज येत होता. दादा चालता चालता थांबला, ऐकत राहिला.

"पहिल्या झटक्यात आत जातोय त्याचा," तो म्हणाला.

"चला," वहिनी म्हणाली, "गाडी चुकेल."